अकरा आठवड्यांचं राज्य

चौघांनी मिळून आत्याला नव्यानं जन्माला घालायचं ठरवलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि आत्या अडुसष्ट वर्षांची होती.

ती स्वतः त्या चौघांत नव्हती. ती दुकानाच्या खिडकीखालच्या बाकावर बसून पशुवैद्यकीय खात्याचा शिक्का कोरत होती. डोळ्याला भिंग, डाव्या हातात पितळेचा ठोकळा, उजव्या हातात कोरणी. शिक्का उलटा कोरायचा, म्हणजे कागदावर सुलटा उठतो. तीन पिढ्या हेच काम केल्यामुळे या घरातल्या माणसांना उलटी अक्षरं झोपेतही वाचता यायची. जगातल्या सुलट्या गोष्टी वाचताना मात्र त्यांची हमखास गडबड व्हायची.

"गणनावाला चारला येणार," आत्याचे थोरले भाऊ दादा म्हणाले. "आपल्या गल्लीचा आज शेवटचा दिवस. चारच्या आत चिमीचा जन्म कुठे झाला ते ठरलं पाहिजे."

"कुठे म्हणजे? वरच्या खोलीत," आत्या मान वर न करता म्हणाली. दादांसाठी ती अजून चिमीच होती.

"खोली नाही विचारत गं. राज्य विचारतात."

हा सगळा घोळ नव्या कायद्यानं घातला होता. प्रत्येकानं आपण या देशात किंवा याच्या एखाद्या मान्यताप्राप्त पूर्वराज्यात जन्मलो असं घरोघर फिरणाऱ्या गणनावाल्याला दाखवायचं होतं. आता या मातीत राज्यं इतकी उगवली आणि मावळली होती की कुठलं खरं आणि कुठलं नुसतंच गाजलेलं, हे सांगणं कठीण. म्हणून सरकारनं विद्वानांची समिती नेमली. समितीनं दोन वर्षं चहा पिऊन निकष काढला: ज्या राज्याच्या शिक्क्याचा एक तरी कागद सापडेल, ते राज्य होतं. ज्याचा सापडणार नाही, ते नव्हतं. या निकषावर चौदा राज्यं पास झाली. त्यांतलं एक तर गाढव हरवल्याच्या एका तक्रारअर्जाच्या जोरावर पास झालं. नापास झालं ते एकच, आणि आत्या नेमकी त्यात जन्मली होती.

एकाच खोलीत, एकाच खाटेवर, एकाच सुइणीच्या हातून या घरातली तीन भावंडं झाली आणि तिघं तीन देशांत झाली. दादा राजाच्या राज्यात. मग लोकांनी राजाला पळवून लावलं आणि परिषदेचं राज्य केलं. ते अकरा आठवडे टिकलं, त्यातल्या सहाव्या आठवड्यात आत्या. मग राजा परत आला आणि मधले अकरा आठवडे झालेच नव्हते असं त्यानं फर्मान काढलं. दोन वर्षांनी शेजारचे प्रांत मिळून महासंघ झाला, त्याच्या पहिल्याच दिवशी बापू. पुढे महासंघ मोडून आत्ताचं राज्य आलं तेव्हा घरात कुणी जन्मलं नाही, फक्त दुकानावरची पाटी बदलली.

ज्याचं राज्य यादीत नाही तो परदेशी. परदेशी माणसानं दर तीन महिन्यांनी हजेरी द्यायची आणि परवान्याचं कुठलंही काम करायचं नाही. सरकारी शिक्के कोरणं हे परवान्याचं काम. म्हणजे आज संध्याकाळपासून आत्यानं कोरणी खाली ठेवायची. बावन्न वर्षं ती त्या बाकावर बसली होती. लग्न केलं नाही, म्हणून नातेवाइकांनी तिची भरपूर कीव करून घेतली होती. तिला मात्र बाक होता तेवढा पुरला होता. तो गेला तर सकाळी उठून बसायचं कुठे, हे तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि त्या विचारानं आज दुसऱ्यांदा तिची कोरणी घसरली होती.

बापूंची बायको कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायच्या. गल्लीत त्यांना अर्जवाल्या बाई म्हणत. त्यांच्या मते जगात दुःखी असं कुणी नसतंच. चुकीच्या रकान्यात पडलेली माणसं असतात. त्यांनी बरोबर आणलेलं बाड उघडलं.

"राजाच्या नोंदवह्या म्हणजे ओळ न् ओळ आकडे टाकलेल्या. मधे सुई शिरायची नाही," त्या म्हणाल्या. "पण एक वही हरवली आहे. पुराच्या वर्षाची. त्या वर्षी जन्मलेल्यांना घरातल्यांच्या सहीवर मान्यता देतात. गेल्या आठवड्यात मी त्या वर्षात एकवीस माणसं जन्माला घातली."

"पुराचं वर्ष म्हणजे..." दादांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि त्यांचं बोट मधेच थांबलं. "ते माझ्या आधीचं."

"हो."

"म्हणजे चिमी माझ्यापेक्षा मोठी?"

"एक वर्षानं. कागदावर हो, दादा."

दादा खुर्चीत ताठ झाले. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता. त्यांच्या नोकरीत राजा पहिल्या आवृत्तीत दयाळू होता, दुसरीत जुलमी, तिसरीत नव्हताच आणि चौथीत दूरदर्शी. प्रत्येक वेळी दादांनी मुलांना पुस्तकात पट्ट्या चिकटवायला लावल्या आणि एका शब्दानं कुरकुर केली नाही. सरकार म्हणेल ते झालं असं मानायची त्यांची तयारी होती. पण घरात आपण थोरले आहोत, ही गोष्ट कुठल्याही आवृत्तीत बदललेली नव्हती. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे. तो कुणी पाळत नसे, पण विचारला जाई.

"हिला मी चालायला शिकवलंय," ते म्हणाले. "हिचं नाक पुसलंय मी!"

"नाक पुसल्याचा दाखला मागत नाहीत, दादा."

"मागायला पाहिजे!"

"दादा, एका वर्षाचा तर प्रश्न आहे," बापू समजुतीच्या सुरात म्हणाले. दुसऱ्याच्या अंगावरचं ओझं बापूंना नेहमीच हलकं वाटे. "मान मोठा की ताईचं काम मोठं?"

चिमीचं काम मोठं, हे दादांना कळत होतं आणि कळतंय याचाच राग येत होता. तेवढ्यात त्यांच्यातला मास्तर मदतीला धावला.

"त्या अर्जावर सही कुणाची लागते?"

"थोरल्या नातेवाइकाची. जन्म पाहिलेल्या."

"मी हिच्या मागून एका वर्षानं झालो, तर हिचा जन्म मी कुठून पाहिला?"

अर्जवाल्या बाईंनी अर्ज परत बाडात सरकवला. या घरात जन्म पाहिलेलं दुसरं माणूस हयात नव्हतं. दादांनी एवढ्या आनंदानं आयुष्यात कुणाला निरुत्तर केलं नसेल. मग लगेच त्यांना आपला आनंद चिमीच्या जिवावरचा आहे हे जाणवलं आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"मग माझं ऐका," ते म्हणाले. "चिमीला पुढे आणा. महासंघात. बापूचं जुळं म्हणून."

बापू खुर्चीतून उठले.

दादांची लेक भिंतीला टेकून हे सगळं पाहत होती. दोन वर्षांपासून ती आत्याच्या हाताखाली कोरायला शिकत होती. तिचा 'र' अजून लंगडा यायचा. तिला वडलांची युक्ती पटली. महासंघाच्या वहीत एका बाळाला एक ओळ असे, आणि जुळं झालं तर दुसरं बाळ समासात लिहीत. बापूकाकांच्या पानाचा समास कसरीनं खाल्लेला होता. तिथे एक सोडून चार आत्या मावल्या असत्या.

"काका, हे छान आहे की! आत्या दोन वर्षांनी लहानही होईल."

"तू मधे बोलू नकोस," बापू म्हणाले. मग ते दादांकडे वळले. "दादा, मी महासंघाचं पहिलं बाळ आहे."

हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण बापू ते विसरू देत नसत. नवा झेंडा चढला आणि बाराव्या मिनिटाला बापू जन्मले. वर्तमानपत्रात फोटो आला. महासंघ मोडून चाळीस वर्षं झाली तरी दर वर्षी त्या तारखेला 'महासंघाचे पहिले' नावाचं मंडळ एका चहाच्या दुकानात जमे. त्यात महासंघाचं पहिलं पत्र टाकणारे एक होते, पहिल्या आगगाडीचे एक उतारू होते आणि वेगानं सायकल चालवल्याबद्दल पहिली ताकीद मिळालेले एक गृहस्थ होते. बापू त्यांचे अध्यक्ष. मंडळात आता चारच जण उरले होते आणि त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

"पहिलं बाळ म्हणजे एक बाळ," बापू म्हणाले. "दीड नाही."

"मघाशी मान मोठा की काम मोठं म्हणत होतास."

"तुझ्या मानाचं म्हणत होतो!"

अर्जवाल्या बाईंची पंचाईत झाली. नवऱ्याची बाजू घ्यावी तर हाताशी दुसरी युक्ती नाही, आणि युक्तीची बाजू घ्यावी तर रात्री जेवताना बापूंचं तोंड बघावं लागणार. त्यांनी दोन्हीचा अंदाज घेतला आणि त्या दादांच्या बाजूला सरकल्या. सकाळपासून ज्यांच्याशी भांडल्या त्यांच्याच.

"अहो, तुम्ही आधी झालात असं लिहू," त्या म्हणाल्या. "वन्सं मागून. मग पहिलं बाळ तुम्हीच."

बापू थोडे विरघळले. "किती मागून?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत फोटोवाला आला असता तर दोघांचा काढला असता. वीस."

"वीस फार होतात," दादा म्हणाले. "आईला तेवढा वेळ ताटकळत ठेवणार का? दहा."

"पंधरा."

"आईचा विचार कर, बापू!"

आई जाऊन एकतीस वर्षं झाली होती. पण तिच्या या न झालेल्या बाळंतपणात सगळे इतके गुंतले होते की लेकीला हसू आवरेना. ती आत्याकडे गेली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मला एक कळत नाही. त्या अकरा आठवड्यांचा एकही शिक्क्याचा कागद कसा नाही? शिक्का तर आपल्याच दुकानात आला असेल ना कोरायला?"

मागची घासाघीस थांबली. दादांनी आत्याकडे पाहिलं, आत्यानं दादांकडे. बापूंनाही हे माहीत नसावं, कारण त्यांचंही तोंड उघडंच राहिलं.

"आला होता," आत्या म्हणाली. "माझ्यामुळेच झालं नाही ते राज्य."

"काहीतरीच काय, आत्या!"

"काहीतरीच नाही. आई रागावली की मला एकटीला गाठून म्हणायची. बाकीच्या मुलांच्या आया म्हणतात कप फोडलास, बशी फोडलीस. आमची आई म्हणायची, तुझ्यापायी राज्य बुडालं."

दादांनी पुढचं सांगितलं. ते तेव्हा आठ वर्षांचे होते. परिषदेची माणसं दुकानात आली, मोठ्या शिक्क्याचं पितळ देऊन गेली. वडलांनी, म्हणजे अप्पांनी, काम सुरू केलं आणि वर आईला कळा सुरू झाल्या. दोन दिवस, दोन रात्री. अप्पा चार अक्षरं कोरायचे, वर जायचे, खाली यायचे, पुन्हा चार कोरायचे. चिमी झाली त्या पहाटे शिक्काही झाला. सकाळी परिषदेचे अध्यक्ष स्वतः आले. सगळ्यांसमोर पहिल्या कागदावर शिक्का उठवला आणि राज्याचं नाव उलटं उठलं.

"अप्पांनी सुलटं कोरलं होतं," आत्या म्हणाली. "झोपेच्या झापडीत."

शिक्के कोरणाऱ्याला ही चूक म्हणजे पोहणाऱ्यानं रस्त्यात बुडण्यासारखी होती. अध्यक्ष भले होते. तो कागद त्यांनी स्वतःच चुलीत टाकला. "हरकत नाही, दुसरा करा," म्हणाले, "घाई नाही. राज्य कुठे पळून जातंय?" अप्पा दुसरा करायला बसले, पण आता धास्तीनं दिवसाला एकच अक्षर कोरत. पाच अक्षरं राहिली होती तेव्हा राजाचं सैन्य गावात शिरलं. दोन्ही ठोकळे अप्पांनी घासून काढले आणि पुढे त्याच पितळेचे महासंघाच्या कुत्र्यांच्या परवान्याचे शिक्के झाले. अकरा आठवडे त्या राज्यानं नुसत्या सह्यांवर कारभार केला. समितीच्या निकषात सही बसत नव्हती.

"म्हणजे आपल्या चुकीमुळे ते राज्य नव्हतं," लेक म्हणाली, "आणि ते नव्हतं म्हणून आता आत्या नाही."

बापूंनी खिडकीबाहेर पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "बरं. बारा मिनिटं. त्याच्यावर एक मिनिट जास्त नाही आणि कमीही नाही."

"आत्याला विचारा तरी," लेक म्हणाली.

आत्यानं भिंग कपाळावर सरकवलं. इतरांची नावं, खाती, राज्यं ती आयुष्यभर कोरत आली होती. कुठल्या राज्याचं अक्षर गोल आणि कुठल्याचं टोकदार हे तिला पाठ होतं, पण आपलं कुठलं असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. पडला तो आज, आणि त्याचं उत्तर मिनिटांत चाललं होतं. तिला खोटं बोलायची लाज वाटत होती. बाक सोडायची त्याहून जास्त भीती वाटत होती.

"लिहा," ती म्हणाली. "जुळं तर जुळं."

गणनावाला चारला पाच कमी असतानाच आला. मध्यम वयाचा, सभ्य, डाव्या पायाचा बूट चावत असलेला माणूस. सकाळपासून त्याची एकोणतीस घरं झाली होती. दोन घरांत लोक रडले होते, एका घरात त्याच्यावर कुत्रा सोडला होता, आणि त्याला तो कुत्रा समजून घ्यावासा वाटला होता. दुकानात खुर्ची मिळाली, चहा मिळाला, अर्जवाल्या बाईंनी सुवाच्य अक्षरातला अर्ज पुढे ठेवला. त्याला हायसं वाटलं.

"जुळी," तो वाचत म्हणाला. "समास कसरीनं खाल्ला. हं. कसरीनं या देशाचे फार उपकार केलेत." बाईंकडे बघून तो किंचित हसला. "मला काही अडचण दिसत नाही. फक्त नियमाप्रमाणे अर्जदाराच्या तोंडून ऐकावं लागतं. बाई, तुमचा जन्म कधीचा?"

आत्या बाकावरून उठून आली होती. हात मागे बांधून उभी होती, शाळेत उभी करावी तशी.

"महासंघाच्या पहिल्या दिवशीचा," ती म्हणाली.

"दोघांत आधी कोण?"

"बापू."

"आणि तुम्ही किती वेळानं?"

आत्याला अंकच सुचेना. सकाळपासून इतके ऐकले होते. "दहा मिनिटांनी," ती म्हणाली.

"बारा!" बापू ओरडले. "ताई, बारा ठरली होती ना आपली!"

लेखणी थांबली. अर्जवाल्या बाईंनी डोळे मिटून घेतले. बावीस वर्षांच्या धंद्यात त्यांचा अर्ज कधी शाईनं बिघडला नव्हता की व्याकरणानं. तो नवऱ्याच्या जिभेनं बिघडायचा होता.

"ठरली होती?" गणनावाल्यानं विचारलं.

"म्हणजे घरात असंच ठरलेलं आहे पूर्वीपासून," बाई म्हणाल्या.

"आणि हे आधी झाले. थोरले हे. मग धाकट्या बहिणीला ताई?"

"लाडानं म्हणतात."

"सहासष्ट वर्षं लाडानं?"

बापूंनी हात तोंडावर दाबून धरला होता. त्यांना रडू येत होतं. बारा मिनिटं आता त्यांना नकोच होती. बारा काय, पहिलं बाळही नको होतं. तेवढा एक शब्द परत गिळता आला असता तर मंडळाचं अध्यक्षपदही त्यांनी त्या सायकलवाल्या गृहस्थांना देऊन टाकलं असतं. पण ताईला ताई न म्हणता दुसरं काय म्हणायचं हे त्यांच्या जिभेला कुणी शिकवलंच नव्हतं.

"दुसरीकडून बघू," गणनावाला हलक्या आवाजात म्हणाला. तो खरोखर वाट शोधत होता. "तुम्हाला चिडवायला कुणी यांना ताई म्हणायला शिकवलं असेल. तसं असेल तर मी तसं लिहितो. असं आहे का, बाई?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. एक 'हो' म्हणायचा होता.

"नाही," आत्या म्हणाली. "बोलायला लागल्यापासून ताईच म्हणतो. आधी ताता म्हणायचा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. साहेब, माझा जन्म परिषदेच्या राज्यातला, सहाव्या आठवड्यातला. ते राज्य होतं. शिक्का नव्हता एवढंच."

गणनावाल्यानं यादी काढली, उगाचच वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि यादी मिटली. अर्जवाल्या बाईंचा अर्ज त्यानं फाडला नाही, नीट घडी करून त्यांना परत दिला. मग पिशवीतून पिवळा कागद काढला.

"मला माफ करा," तो म्हणाला. "त्या कोरणीला आता हात लावू नका."

आत्या बाकाकडे गेली. पशुवैद्यकीय खात्याची तीन अक्षरं राहिली होती. तिनं कोरणी पुसली आणि दादांच्या लेकीच्या हातात दिली. "त्यात 'र' आहे," ती म्हणाली, "शेपटीकडून सुरू कर, म्हणजे लंगडणार नाही." आणि मग ती रडली. मोठ्यानं नाही, पण लपवूनही नाही. बापू तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. काय म्हणून हाक मारावी या भीतीनं ते काहीच बोलले नाहीत.

पिवळा कागद भरताना गणनावाला एकेक रकाना वाचत होता. नाव. वय. आगमनाचं ठिकाण, तिथे त्यानं 'इथूनच' लिहिलं आणि खोडून रेघ मारली. "यजमान लागतो," तो म्हणाला. "परदेशी व्यक्ती ज्यांच्या घरी उतरली आहे ते. तुम्ही ना?"

"मी," दादा म्हणाले.

"परदेशी व्यक्तीशी नातं?"

"धाकटी बहीण."

गणनावाल्यानं लेखणी खाली ठेवली. "तसं लिहिता येत नाही. सख्खी बहीण परदेशी निघाली तर भावांचीही तपासणी लागते. तुमची, यांची, मुलीची. वर्षभर चालेल. तुम्ही असं करा, 'ओळखीची' लिहा. सगळेच लिहितात. परवा एकानं आईला ओळखीची लिहिलं."

"लिहा दादा," अर्जवाल्या बाई पटकन म्हणाल्या. "कागदच आहे."

दादा मान हलवत राहिले. होकाराची होती की नकाराची, कळेना. सरकारनं सांगितलेलं त्यांनी कधी मोडलं नव्हतं. राजाला दयाळू म्हणा, म्हटलं. जुलमी म्हणा, म्हटलं. आताही तोंडाशी 'बरं' आलंच होतं. पण ते बाहेर पडायच्या आधी त्यांनी चिमीकडे पाहिलं.

"ओळखीची कशी?" ते म्हणाले. "मी आठ वर्षांचा होतो. हिला कापडात गुंडाळून आईनं माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, आजपासून तू थोरला. तोवर मी एकटाच होतो हो. एकट्या पोराला थोरला कोण म्हणतं? ही झाली म्हणून मी थोरला झालो. ही माझी कुणी नाही असं लिहिलं, तर मी कुणाचा थोरला?"

"तसं कायद्यात..."

"कायद्यात नसेल. मलाही परदेशी लिहा."

"बाबा!" लेक म्हणाली.

"साहेब, ते रागात बोलतायत," बापू म्हणाले.

"मी रागात नाही. हिच्या देशातला लिहा मला. जो काही असेल तो."

गणनावाल्यानं पिशवीत हात घातला आणि दुसरा पिवळा कागद काढला. तो भरायला मात्र त्याची लेखणी चालेना. अर्जवाल्या बाईंनी दोन क्षण वाट पाहिली. आपल्या घरावर वर्षभराची तपासणी येणार हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि कागद आपल्याकडे ओढला.

"द्या इकडे. तुमचं अक्षर कचेरीत कुणाला लागायचं नाही." त्या भराभर लिहू लागल्या. नाव. वय. आगमनाच्या ठिकाणी त्यांनी 'वरची खोली' लिहिलं आणि खोडलं नाही. एका रकान्याशी त्या थबकल्या.

"दादा, येण्याचा उद्देश विचारलाय. काय लिहू?"

दादांनी आत्याकडे पाहिलं.

"लिही, बहिणीला भेटायला."

"त्या कारणावर तीनच महिन्यांची मुदत मिळते," गणनावाला म्हणाला.